पावसाळ्यात पार्किंगमधला एक तास मुलांना द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रत्नागिरीत गेले नऊ दिवस पावसाने उसंत दिलेली नाही. आमच्या इमारतीत पाच ते चौदा वयाची सतरा मुलं आहेत. या नऊ दिवसांत त्यांतलं एकही मूल घामाघूम झालेलं मी पाहिलं नाही. शाळेची रिक्षा दारातून नेते, दारात आणून सोडते. त्यानंतर मोबाइल, नाहीतर टीव्ही. माझा नातू तिसरीत आहे. परवा तो स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत पळत सुटला, तर खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, डोक्यावर सतत धाडधाड. वहिनींचं काहीच चुकलं नाही. मी नातवाला खाली बसवलं आणि त्याने मुकाट्याने मोबाइल हातात घेतला. मी २८ वर्षं शाळेत पीटी शिकवली आहे. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

इमारतीखाली पार्किंग आहे. वर छत, तीन बाजूंनी वारा, मध्ये बारा खांब. गेल्या वर्षी चेंडू लागून एका स्कूटरचा आरसा फुटला आणि दुसऱ्याच दिवशी ‘पार्किंगमध्ये खेळण्यास सक्त मनाई’ अशी पाटी लागली. आरशाचे पैसे पालकांनी भरून दिले, पाटी मात्र तशीच आहे. चेंडू बंद केला असता तर मी एक शब्द बोलले नसते.

पावसात मुलं काय खेळणार, असं मला कोकणातलीच माणसं विचारतात तेव्हा नवल वाटतं. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्येच. म्हणून वर्षाचा तिसरा हिस्सा मुलांनी बसून काढायचा का? आम्ही लहानपणी देवळाच्या सभामंडपात खांब-खांब-खांबोळी खेळायचो. चार खांबांना चार जण, मधे एकावर राज्य. खांब बदलताना ज्याचा खांब गेला त्याच्यावर राज्य. या खेळाला चेंडू लागत नाही, मैदान लागत नाही, फक्त खांब लागतात. मी टेप घेऊन आमचं पार्किंग मोजलं. चार खांबांमधली जागा पंधरा फूट बाय अठरा फूट भरली. पाच मुलांना दहा मिनिटांत धाप लागायला एवढी जागा पुष्कळ झाली.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी वीज गेली, नेटवर्कही गेलं. घरात उकडत होतं, म्हणून सगळे हळूहळू खाली उतरले. पाटी होतीच, पण अंधारात ती वाचणार कोण? मुलं खांबांमधून पळू लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या एका सुनेने आपल्या लेकीचे हात धरले आणि फुगडी सुरू झाली. त्या मुलीला फुगडी येतच नव्हती. ती कोपर वाकवून आईला ओढत होती. मी जवळ गेले, हातांची फुली नीट करून दिली, दोघींचे चवडे एकमेकांना टेकवले आणि सांगितलं, आता मागे रेल, कोपर सरळ ठेव, आईवर भार टाक. तिसऱ्या प्रयत्नाला ती सुटली. वेणी आडवी झाली. मिनिटभरात आईला धाप लागली, मुलगी थांबायला तयार होईना. मग आणखी चौघी पुढे आल्या. वीज आली तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची चांगली हालचाल सांगते. त्या दिवशी आमची मुलं त्याच्या जवळपास पोहोचली, तीही वीज गेली म्हणून.

शाळांनाही एक सांगायचं आहे. जून लागला की गणिताच्या बाई मला विचारायच्या, “बाई, पाऊसच आहे, आजचा तास मला देता का?” पहिली काही वर्षं मी देत गेले, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. एका वर्षी १५ ऑगस्टच्या कवायतीत सातवीची मुलं पहिल्याच फेरीत दमून उभी राहिली. दोन महिन्यांत त्यांच्याकडून मी काहीच करून घेतलं नव्हतं. त्यानंतर मी तास सोडला नाही. व्हरांड्यात आळीपाळीने सूर्यनमस्कार, दोरीवरच्या उड्या, लंगडी घेतली. एकदा ओल्या फरशीवर एक मुलगी घसरली आणि तिचं मनगट मोडलं. चूक माझी होती, मी फरशी पाहिली नव्हती. तेव्हापासून उंबऱ्याशी गोणपाट, पाय कोरडे केल्याशिवाय आत यायचं नाही, मोजे काढायचे आणि उडी चवड्यांवर झेलायची, हे नियम मी कधी मोडू दिले नाहीत. तास मात्र चालूच ठेवला.

आमच्या सोसायटीची सभा या रविवारी आहे. माझी मागणी एवढीच आहे की सप्टेंबरअखेरपर्यंत रोज संध्याकाळी ६ ते ७ मधल्या आठ खांबांमधली जागा मोकळी ठेवावी. बहुतेक गाड्या सातनंतरच परततात. त्या वेळात तिथे असणारी तीन वाहनं फाटकाच्या बाजूला सहज मावतात, हेही मी मोजून पाहिलं आहे. पश्चिमेच्या कडेला झड येते, तो भाग सोडून देऊ. चेंडू आणायचा नाही. आधी फरशी पुसायची. रोज एक मोठं माणूस हजर राहील. पहिला महिनाभर ते काम मी करीन. आईबाबा, आजीआजोबा खेळायला उतरले तर उत्तमच.

इतर इमारतींतल्या कोणाला ही जागा कशी आखायची ते पाहायचं असेल, तर सभेने होकार दिल्यावर सोमवारी सहाला यावं. खडू, टेप आणि गोणपाट घेऊन मी खाली असेन.

— एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, रत्नागिरी