विपुल जीवनाबद्दल, मुलीस

चि. लेकीस,
प्रभूमध्ये सलाम.

‘विपुल जीवन’ म्हणजे नक्की काय, हा तुझा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नव्हता. ‘त्यांना जीवन मिळावं आणि ते विपुल मिळावं म्हणून मी आलो आहे’ हे येशूचं वचन, योहानाच्या शुभवर्तमानातलं 10:10, आपल्याकडे घराघरांत भिंतीवर असतं, पण त्याच्या आधीचा नववा अध्याय लागून वाचणारे थोडे. तिथे एका जन्मांधाला दृष्टी मिळते आणि त्यापायीच त्याला सभास्थानातून हाकलतात. आईबापसुद्धा घाबरून ‘तो वयात आला आहे, त्यालाच विचारा’ म्हणून अंग काढून घेतात. मग येशू त्याला शोधून काढतो, आणि त्याच ओघात मेंढपाळाचं बोलणं व विपुल जीवनाचं वचन येतं. त्या माणसाचं समाजातलं स्थान गेलं होतं. त्याला येशू भेटला होता. या वचनातून नोकरी, व्हिसा आणि फ्लॅट काढून दाखवणारे उपदेशक मला म्हणूनच पटत नाहीत.

ही भेट रोजची कशी करायची, ते योहान 15 मध्ये आहे: ‘माझ्यामध्ये राहा.’ येशू वेल आणि आपण फाटे, हे त्याचं बोलणं वधस्तंभाच्या आदल्या रात्रीचं आहे, आणि पूर्ण आनंदाची गोष्टही तो त्याच रात्री काढतो. नाशिककडच्या द्राक्षबागांत वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. एप्रिलची छाटणी झालेली बाग पाहिली तर नवख्याला वाटेल, मेली. त्या अध्यायात फळ देणाऱ्या फाट्यालाच छाटतात, हे कोरड्या दिवसांत लक्षात ठेव.

आता व्यवहाराचं. रोज 20 मिनिटं पुरेत, पण वेळ ठरलेली हवी. मार्क 1:35 मध्ये येशू पहाटे अंधारात उठून प्रार्थनेला जातो, म्हणून पहाटच हवी असं नाही. तुझी रात्रपाळी असेल तर जेवणाआधीची वेळ धर. फोन दुसऱ्या खोलीत, बायबल कागदाचं. आधी दोन मिनिटं गप्प बस. मग एक उतारा मोठ्याने वाच, थांब, तोच पुन्हा वाच. जे वाक्य अडवेल तिथेच थांब, पुढे धावू नकोस. त्या वाक्यावरून प्रार्थना कर आणि शेवटी वहीत एक ओळ लिही.

सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानापासून कर. 16 अध्याय आहेत, रोज एक. बरेच जण 1 जानेवारीला उत्पत्तीपासून धरतात, निर्गमच्या पंचविसाव्या अध्यायापाशी, निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूची, मापं सुरू झाली की रेंगाळतात आणि लेवीयात बंद पडतात. वर्षात सगळं बायबल हवंच असेल तर 1189 अध्याय होतात. रोज तीन आणि रविवारी पाच घेतले की बसतं. पण पहिल्या वर्षी मी तसं सुचवणार नाही. आकडा गाठायच्या नादात वाचलेलं मुरत नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन अध्याय ओढू नकोस, जिथे होतीस तिथून पुढे जा.

प्रार्थनेत बहुतेकांचं एकच बिघडतं, ती मागण्यांची यादी होते. प्रभूच्या प्रार्थनेचा क्रम बघ: आधी पित्याचं नाव, राज्य, इच्छा, भाकर त्यानंतर, मग क्षमा. पापकबुली नेमकी कर. ‘माझं चुकलं’ एवढ्याने भागत नाही. कोणाशी, काय बोललीस, ते म्हण. आणि मत्तय 5:23-24 प्रमाणे कोणाचं मन दुखावलं असेल तर आधी त्याच्याकडे जा. कित्येकदा प्रार्थना अडते ती इथेच, आणि आपण मात्र श्रद्धा कमी पडली म्हणत बसतो.

मन सुकलं की खोटी स्तुती करू नकोस. स्तोत्र 13 ची सुरुवातच ‘कोठवर?’ अशी आहे, आणि स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं. ती मोठ्याने वाच. देवाला असं बोललेलं चालतं, म्हणून तर ती शास्त्रात आहेत. 1 राजे 19 मध्ये एलीया झुडपाखाली मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. खायला देतो, झोपू देतो, पुन्हा खायला देतो. म्हणून आधी तुझी झोप आणि डबा तपास. उदासी दोन आठवड्यांच्या वर राहिली तर डॉक्टरांना दाखव. त्याने विश्वासाला काही कमीपणा येत नाही.

एकटीने हे सगळं फार दिवस टिकत नाही. जवळची मंडळी, म्हणजे चर्च, शोध. गाणं कसं आहे यापेक्षा तिथे वचन उलगडून सांगतात का आणि आजारी माणसाकडे कोणी जातं का, ते बघ. महिनाभर एकाच ठिकाणी जा, दर रविवारी नवीन चर्च नको. प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमध्ये येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेतात त्याच्या, आदल्या रात्री 1 करिंथ 11:28 वाचून स्वतःला पारख, पण अपात्र वाटतं म्हणून मेजापासून दूर राहू नकोस. पाळकांना आधी भेटून बोल, नव्या गावात तेवढं एक माणूस ओळखीचं होतं.

मार्क झाला की फिलिप्पैकरांस पत्र घे, चारच अध्याय आहेत, आणि पौलाने ते तुरुंगातून लिहिलं आहे. वहीतली एखादी ओळ मला पाठवावीशी वाटली तर पाठव.

तुझी,
आई