पाऱ्यासोबत वायुदाबही छापा

महोदय,
आपल्या अंकात रोजचे कमाल-किमान तापमान नेमाने येते. पण सरलेला महिना सरासरीपेक्षा किती उष्ण वा थंड गेला, ते कुठेच सापडत नाही. एखाद्या दिवशी पारा चढला की गहजब होतो. अख्खा महिना दीड अंशाने जास्त तापला तर पत्ताही लागत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनचे सर्वाधिक होते. गहू दाणे भरण्याच्या ऐन काळातच!

वायुदाबाचे तर नावच नको. वास्तविक भारतीय हवामान खात्याचे प्रमुख राहिलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनीच दूरदूरच्या वायुदाबांचा झोका ओळखला: एकीकडे दाब चढला की दुसरीकडे उतरतो. ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला दाब सरासरीहून चढा आणि प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटावर उतरलेला राहिला, की एल निनोची (त्या महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापण्याची) चाहूल आणि आपल्याकडे पावसाची धाकधूक. दरवेळी दुष्काळ पडतोच असे नाही. एल निनो असूनही १९९७ मध्ये पावसाने सरासरी गाठली होती. पण २०२३ चा ऑगस्ट मात्र ३६ टक्के तुटीचा, १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला.

महिन्यातून एकदा चार ओळींचा तक्ता द्यावा. राशिभविष्याशेजारी तेवढी जागा निघेल.

– एक नियमित वाचक, सातारा