हाडांचं चर्च बघून लगेच बसमध्ये बसू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना जवळ आला की आपल्या रविवारच्या पुरवणीत युरोप टूरच्या जाहिराती सुरू होतात आणि प्राग असलं की त्यात 'हाडांचं चर्च, अर्धा दिवस' ही ओळ हमखास असते, म्हणजे माणसांच्या हाडांनी सजवलेलं चर्च. त्या ओळीबद्दलच लिहितोय. ते चर्च ज्या गावात आहे ते चेक प्रजासत्ताकातलं, प्रागजवळचं कुटना होरा. मी तिथं दोनदा गेलोय, पहिल्यांदा टूरबरोबर एक तास, आणि गेल्या वर्षी मुलगी प्रागला नोकरीला आहे म्हणून तिच्याकडे गेलो तेव्हा बायकोला घेऊन तीन रात्री राहून आलो.

आमचं घर हुपरीचं, तीन पिढ्या चांदीच्या कामात. लहानपणापासून आटणी (चांदी वितळवणं), टंच (शुद्धता तपासणं), ठप्पा (नक्षी उठवायचा साचा) हेच शब्द कानावर. आणि पहिल्या वेळी गाईडनं आम्हाला एका शब्दानं सांगितलं नाही की हे गाव चांदीवर उभं आहे! तेराव्या शतकाच्या शेवटी इथं चांदीच्या खाणी लागल्या, १३०० साली राजा दुसरा वाक्लाव यानं इटलीहून जाणकार बोलावून इथं टांकसाळ काढली आणि 'प्राग ग्रोशन' नावाचं चांदीचं नाणं पाडायला सुरुवात केली, ते अडीचशे वर्षं अर्ध्या युरोपात चाललं. इटालियन लोकांमुळं त्या वाड्याला अजून 'इटालियन कोर्ट' म्हणतात. तिथं एक माणूस खालच्या ठप्प्यावर चकती ठेवून, वरून दुसरा ठप्पा धरून हातोडा मारून दाखवतो. तो आवाज ऐकला आणि वडिलांचा कारखाना डोळ्यासमोर आला, मी बराच वेळ तिथून हललोच नाही.

ह्रादेक नावाच्या जुन्या वाड्यात चांदीचं म्युझियम आहे, तिथून खाणीत उतरता येतं. अंगात पांढरा डगला, डोक्याला हेल्मेट, हातात दिवा. डगला पांढरा का, तर अंधारात माणूस दिसावा म्हणून, आणि जुने कामगार मागच्या बाजूला चामड्याचा तुकडा बांधायचे, उतारावरून घसरत खाली जायला. खाली गारठा, वाट इतकी अरुंद की काही ठिकाणी आडवं होऊन सरकावं लागतं, आणि एका जागी सगळे दिवे बंद करतात. तेव्हा कळतं की चांदी कुठून येते. आपल्याकडं चांदीची वीट येते, तिच्यावर शिक्का असतो, त्याच्या मागं काय आहे याचा विचार मी कधी केलाच नव्हता. इथली एक खाण तर ५०० मीटरच्या आसपास खोल गेली होती, त्या काळात, हातानं खणून. (गुडघ्याचा त्रास असेल किंवा बंद जागेची भीती वाटत असेल तर मात्र उतरू नका, वर म्युझियम बघा.)

या खाणकामगारांनी आणि गावातल्या लोकांनी स्वतःच्या पैशातून संत बार्बराचं चर्च बांधायला घेतलं, ती खाणकामगारांची रक्षणकर्ती. १३८८ ला सुरुवात, पूर्ण झालं १९०५ ला! मध्ये चांदी आटली, पैसा संपला, काम तसंच राहिलं. आत देवांच्या चित्रांबरोबर नाणी पाडणाऱ्या कारागिरांची भित्तिचित्रं आहेत आणि पांढऱ्या डगल्यातल्या खाणकामगाराचा पुतळा आहे. देवळात कारागिराला जागा दिलेली बघून मला फार बरं वाटलं. १९९५ पासून हे सगळं युनेस्कोच्या यादीत आहे.

आता हाडांच्या चर्चबद्दल. ते गावाच्या सेडलेट्स भागात, कुटना होराच्या मेन स्टेशनजवळ आहे. ४० हजारांहून जास्त माणसांची हाडं आहेत तिथं, प्लेगमध्ये गेलेली, हुसाइट युद्धांत (पंधराव्या शतकातल्या तिथल्या धर्मयुद्धांत) गेलेली. १८७० मध्ये रिंट नावाच्या लाकूडकाम करणाऱ्यानं त्या हाडांची झुंबरं वगैरे केली. पहिल्या वेळी आमच्या ग्रुपमधली काही मंडळी कवट्यांशेजारी तोंडं वेडीवाकडी करून फोटो काढत होती, मला तेव्हाच कसंतरी झालं होतं. आता २०२० पासून आत फोटोला बंदी आहे आणि ते योग्यच आहे. ती कुणाची तरी माणसं होती. आत गेलात तर हळू बोला, एवढंच.

राहायचं म्हणाल तर किमान दोन रात्री, आणि सोमवार टाळून, कारण ह्रादेक सोमवारी बंद असतं, हिवाळ्यात पण बंद असतं. प्रागहून ट्रेननं तासभर लागतो, कुटना होराच्या मेन स्टेशनवरून छोटी ट्रेन जुन्या गावापर्यंत नेते. युरो नाही, कोरुना चालतो. शाकाहारी लोकांनी घाबरू नये, 'ब्रांबोराक' म्हणून किसलेल्या बटाट्याचं लसूण घातलेलं धिरडं मिळतं, बायकोनं तीन दिवस तेच खाल्लं, फक्त त्यात मांस नाही ना एवढं विचारून घ्यायचं. वेळ असला तर गावाबाहेरचा काचिना वाडा बघा, तिथं शेतीच्या जुन्या अवजारांचं म्युझियम आहे, आपल्या शेतकरी माणसाला ते राजाच्या दिवाणखान्यापेक्षा जास्त आवडेल.

संध्याकाळी बसेस गेल्या की गाव रिकामं होतं. संत बार्बराच्या चर्चकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका बाजूला दगडी पुतळ्यांची रांग, खाली दरी, उतारावर द्राक्षाचे मळे. आम्ही तिन्ही संध्याकाळी तिथंच कठड्यापाशी उभे होतो, अंधार पडेपर्यंत.

आपल्या पुरवणीत या गावावर एक नीट लेख यावा, आणि टूरवाल्यांनी दुसरीकडचा अर्धा दिवस कमी करून का होईना पण टांकसाळ आणि खाण दाखवावी, अशी मनापासून विनंती.

आपला,
एक वाचक, हुपरी, जि. कोल्हापूर