गुळाचा रवा आणि सल्ल्याचा तुकडा

शाहूपुरी, कोल्हापूर
रविवार, रात्री

प्रिय संजू,

सप्रेम नमस्कार. पत्राला उशीर झाला, पण गेले चार दिवस एकच विषय डोक्यात घोळतोय आणि तो तुझ्याशिवाय कुणाला सांगावा?

पुतणी इंग्रजीची वही घेऊन आली. 'ॲन ॲडव्हाइस'खाली लाल रेघ. "काका, सल्ला एकच दिला तर एक का म्हणायचं नाही?" बरोबर उत्तर म्हणे 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस'. सल्ल्याचा तुकडा! आपल्याकडे सल्ला अख्खा मिळतो, न मागता दहा मिळतात. इंग्रजीला मात्र सल्ला, बातमी, माहिती हे सगळं मळलेल्या कणकेसारखं दिसतं. गोळा तोडल्याशिवाय मोजताच येत नाही. चार पायांवर धडधाकट उभी असलेली खुर्चीसुद्धा त्यांच्या लेखी फर्निचरचा तुकडाच.

मग मी शब्दकोश घेऊनच बसलो. थोडंसं या अर्थाचा 'बिट' हा 'बाइट'च्या, म्हणजे चावण्याच्या घरातला. दातानं तोडला तेवढा. आपला 'घासभर'ही तोंडाचंच माप. लसणाच्या 'क्लोव्ह'चं नातं चिरण्या-दुभंगण्याशी. आपण तिथं फुलाची पाकळी बघतो. आणि 'एकर' म्हणजे मुळात बैलजोडी एका दिवसात नांगरेल तेवढं रान! 'चार बैलांची शेती' म्हणणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको. माणूस कुठलाही असो, आधी हात, तोंड आणि बैल; तराजू नंतर आला.

काल मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला गेलो होतो. तीस-तीस किलोचे रवे ओळीनं मांडलेले, कापड सोडलं की अंगावर शिवणीची खूण. तेवढ्या धोंड्यालाही रवा, आणि घरी आई कढवलेल्या तुपात बोट घालून "रवा छान धरलाय" म्हणते, त्या कणालाही रवाच. लहान-मोठं या शब्दाच्या गावीच नाही. काहिलीत आटवलेला उसाचा पाक निवायच्या वाफ्यात पडून घट्ट धरतो, तसंच तूप निवताना धरतं. मला वाटतं, आपल्या लोकांनी वजन पाहिलंच नाही, धरणं पाहिलं. हे सुचलं तेव्हा मी तिथंच थांबलो, मागून हमाल ओरडला तेव्हा बाजूला झालो.

तुमच्या गुऱ्हाळावरून सायकलीनं निघताना काकी म्हणायच्या, "घासभर खाऊन जावा रे." आणि ताटात दोन भाकऱ्या, वाटीभर झुणका, वर ताज्या गुळाचा खडा. तो घास कुठल्या मापात बसवायचा, हे पुतणीला काही सांगता आलं नाही.

एक काम कर. चतकोर भाकरीहून लहान तुकड्याला काकी एक शब्द वापरायच्या, तो त्यांना विचारून कळव. पोरीच्या वहीच्या शेवटच्या पानावर जागा ठेवलीय.

तुझाच,
दिलीप