तपासायला पाठवलेला तुकडा आणि पेशीचा सांगाडा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेशीच्या सांगाड्यातील प्रथिने आणि कर्करोगावरील प्रतिपिंडे (म्हणजे ठरावीक लक्ष्यालाच चिकटणारी प्रथिने, इंग्रजीत अँटिबॉडी) यांच्या संशोधनाविषयी आपल्या रविवारच्या अंकात आलेला लेख वाचला. असा अवघड विषय मराठी दैनिकाने ठळकपणे छापला, याचा आनंद आहे. मात्र तो वाचून आमच्या तालुक्यातील अनेकांचा समज असा झाला की, नवे इंजेक्शन येऊ घातले आहे आणि आता केमोची गरज उरणार नाही. या संशोधनाचा जो भाग आजच, आणि तोही आमच्यासारख्या भागात, उपयोगी पडू शकतो, म्हणजे गाठीच्या काढलेल्या तुकड्यावरून (बायोप्सीवरून) होणारे निदान, तो लेखात एका ओळीत उरकला गेला. म्हणून हे पत्र.

शाळेतील आकृतीवरून पेशी म्हणजे रसाने भरलेली पिशवी वाटते. प्रत्यक्षात कवेलूच्या घराला जशी मयाल आणि फाटे असतात, तसा प्रत्येक पेशीत प्रथिनांच्या तंतूंचा सांगाडा असतो. फरक एवढाच की, पेशी आपले फाटे गरजेप्रमाणे मोडते आणि दुसरीकडे नव्याने उभारते. त्यात ॲक्टिनचे बारीक तंतू असतात, ट्यूब्युलिनच्या सूक्ष्मनलिका असतात आणि या दोहोंच्या मधल्या जाडीचे, म्हणून ‘मध्यम’ म्हटले जाणारे तंतू असतात. रोगनिदानाच्या दृष्टीने हे मध्यम तंतू सर्वांत बोलके आहेत, कारण ते ऊतीनुसार बदलतात. त्वचेच्या आणि अवयवांच्या अस्तराच्या पेशींत केरॅटिन, संयोजी ऊतीत व्हायमेंटिन, तर स्नायूंत डेस्मिन असते. पेशी कर्करोगाची झाली, तरी आपली ही मूळची ओळख बहुधा सोडत नाही. १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी एकाच साच्याची प्रतिपिंडे हवी तितकी तयार करण्याची रीत शोधली. पुढे हायडेलबर्ग येथील वेर्नर फ्रांके आणि गॉटिंगेन येथील मेरी ऑस्बॉर्न व क्लाउस वेबर यांच्या गटांनी अशा तंतूंना चिकटणारी प्रतिपिंडे वापरून गाठ कोणत्या ऊतीतून उगवली हे ओळखता येते, असे दाखवून दिले. मानवी केरॅटिनांची पहिली पद्धतशीर सूची १९८२ मधील आहे. थोडक्यात, नवलाईचे म्हणून जे मांडले गेले त्याचा पाया चाळीस वर्षांचा जुना आहे आणि त्याचे फळ आज रुग्णाच्या फायलीत असते: ‘आयएचसी’ (तुकड्याच्या पातळ कापावर प्रतिपिंडे लावून केलेली तपासणी) नावाच्या अहवालात सायटोकेरॅटिन (म्हणजे केरॅटिनच) पॉझिटिव्ह, व्हायमेंटिन निगेटिव्ह असे जे लिहिलेले असते, ते हेच. मानेतली गाठ मुळात तोंडातून आली, फुप्फुसातून आली की ती लसिका ग्रंथीचाच कर्करोग आहे, हे नुसत्या सूक्ष्मदर्शकाने ठरत नसेल तेव्हा हा अहवाल निर्णायक ठरतो; आणि औषध त्यावर ठरते.

यवतमाळ-चंद्रपूरकडच्या वाचकाला याच विषयातले दुसरे एक काम अधिक जवळचे वाटले असते. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन संस्थेत डॉ. मिलिंद वैद्य यांच्या गटाने तोंडाच्या कर्करोगातील केरॅटिनांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. केरॅटिन ८ आणि १८ ही जोडी गालाच्या आतील निरोगी अस्तरात सहसा आढळत नाही; कर्करोगात आणि काही वेळा त्याआधीच्या डागांतही ती दिसू लागते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींतून केरॅटिन ८ कमी केल्यावर त्या पेशींची गाठ बनवण्याची क्षमता घटली, असेही या गटाने दाखवले. आमच्याकडे सुपारी, सुगंधित तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा पानठेल्यावर अजूनही मिळतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण त्याविषयी वेगळे पत्र लिहावे लागेल. तंबाखू नसली तरी नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले. तिखट झोंबणे आणि तोंड पुरते न उघडणे ही धोक्याची खूण असते, पण तसे झाले की इथली माणसे आधी मेडिकल स्टोअरमधून मलम आणतात.

आता औषधाचा भाग. प्रतिपिंड हा आकाराने मोठा रेणू आहे. तो जिवंत पेशीच्या आत सहजासहजी शिरत नाही. काचेच्या पट्टीवरील कापात पेशी मेलेल्या आणि उघड्या असतात, म्हणून तिथे तो केरॅटिनपर्यंत पोहोचतो. रुग्णाच्या शरीरात मात्र त्याला पेशीच्या बाहेरच्या बाजूवर असलेले लक्ष्य लागते. म्हणूनच स्तनाच्या कर्करोगावरील ट्रॅस्टुझुमॅब हे प्रतिपिंड सांगाड्याला नव्हे, तर पृष्ठभागावरील हर-२ या प्रथिनाला चिकटते. १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले हे औषध आता भारतीय कंपन्याही बनवतात. पण ते साधारण पाच रुग्णांपैकी एकीलाच लागू पडते आणि ती एक कोण, हे पुन्हा तुकड्याच्या तपासणीवरूनच कळते. काही कर्करोगांत व्हायमेंटिनसारखे सांगाड्याचे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येते आणि तिथे त्याला लक्ष्य करता येईल काय, यावर संशोधन चालू आहे. ते संशोधन म्हणूनच छापले जावे, उपचार म्हणून नव्हे.

सांगाड्यावर घाव घालणारी औषधे मात्र जुनीच आहेत आणि ती केमोच आहेत. आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारी व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ट्यूब्युलिनला धरतात, त्यामुळे पेशीला विभाजनासाठी लागणाऱ्या सूक्ष्मनलिका उभ्याच राहत नाहीत. (हे वाचून कोणी सदाफुलीचा काढा घेऊ नये. त्यातील द्रव्ये विषारी आहेत आणि शिरेवाटे, मोजून मापूनच दिली जातात.) पॅक्लिटॅक्सेल उलट करते: ते त्या नलिका इतक्या घट्ट करते की, त्या मोडता येत नाहीत. २०१३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या एका औषधात तर ट्रॅस्टुझुमॅबलाच सूक्ष्मनलिका बिघडवणारे विष जोडलेले आहे. प्रतिपिंड पेशी ओळखतो, पेशी त्याला आत ओढून घेते आणि विष आत सुटते. प्रतिपिंडांमुळे केमो संपली असे म्हणणे किती घाईचे आहे, हे यावरून दिसते. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाबाबत आमच्या उपयोगाची बातमी २०२२-२३ मध्ये टाटा रुग्णालयातूनच आली होती. तेथील डॉक्टरांनी निव्होलुमॅब हे प्रतिपिंड नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे तीन आठवड्यांतून एकदा २० मिलिग्रॅम, स्वस्त गोळ्यांच्या जोडीने दिले, तेव्हा बळावलेल्या रोगातील वर्षभर जगणाऱ्या रुग्णांचे प्रमाण नुसत्या गोळ्यांवरील १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले.

या सगळ्याची सुरुवात होते ती तालुक्याच्या दवाखान्यात काढलेल्या तुकड्यापासून, आणि माझे मुख्य म्हणणे त्याविषयी आहे. तुकडा काढल्यावर तासाभराच्या आत त्याच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) गेला नाही, नुसत्या सलाइनमध्ये किंवा कोरड्या डबीत राहिला, तर त्यातील प्रथिने बिघडतात आणि पुढे कितीही उत्तम प्रतिपिंड वापरले तरी अहवाल भरवशाचा राहत नाही. हर-२ साठी तर तुकडा फॉर्मॅलिनमध्ये किमान सहा आणि फार तर बहात्तर तास राहावा, असा संकेत आहे. शनिवारी काढलेला तुकडा चौथ्या-पाचव्या दिवशी जिल्ह्याला निघाला, तर तो संकेत मोडतो. नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात किंवा सेवाग्रामला पोहोचलेल्या रुग्णाचा पुन्हा तुकडा काढावा लागला, तर रोजी बुडते, एसटीचे भाडे लागते, आणि कापूस वेचणीचे दिवस असतील तर पुष्कळजण दुसऱ्यांदा जातच नाहीत. फॉर्मॅलिन, झाकणाची बरणी, काढल्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी आणि तो बहात्तर तासांचा संकेत पाळला जाईल अशी ठरलेल्या वारी जाणारी गाडी यांना फार पैसा लागत नाही. ही व्यवस्था प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात व्हावी, अशी आरोग्य विभागाला विनंती आहे. तसेच तपासणीनंतर उरलेला, तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतो आणि त्यावर पुढच्या चाचण्या करता येतात. तो मागून घेऊन अहवालासोबत पुढच्या दवाखान्यात न्यावा, एवढे तरी नातेवाइकांना तोंडी सांगितले गेले पाहिजे.

आपल्या दैनिकाकडे एकच मागणी आहे. विदर्भात आयएचसी तपासणी कोठे होते, तिला किती दिवस लागतात आणि शासकीय योजनेत तिचा कोणता भाग येतो, याची माहिती आपल्या वार्ताहरांनी संबंधित रुग्णालयांकडून घेऊन त्याच विज्ञान-पानावर छापावी.

कळावे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
आर्णी, जि. यवतमाळ