धावायलाही सोबत लागते

महोदय,

धावण्यासाठी मनाचा निर्धार पुरेसा असतो, असे सांगणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. हे मत मला पटले नाही. आठ वर्षे मी नियमाने धावत होते. मग आईचे आजारपण आले, पाठोपाठ दादरचे घर सोडून आम्ही ठाण्याला आलो आणि तीन वर्षे बूट कपाटातच राहिले. निर्धार तेव्हाही होता. रोज रात्री गजर लावत होते. पहाटे तो बंद करताना मात्र माझी वाट पाहणारे बाहेर कोणी नव्हते.

उपवन तलावाकाठी भेटलेल्या सात-आठ जणींमुळे हे बदलले. त्यांतल्या एका काकूंनी तर साठीनंतर धावायला सुरुवात केली. एखादी आली नाही, तर ‘बरी आहेस ना?’ असा फोन जातो. त्या फोनमुळे मी भर पावसाळ्यातही घराबाहेर पडले. वेग पूर्वीचा नाही, पण त्याची खंत आता वाटत नाही.

दक्षिण आफ्रिकेतील सुमारे ९० किलोमीटरच्या कॉम्रेड्स शर्यतीत १२ तासांची मर्यादा असते. तिथेही अनेक जण अनुभवी धावपटूच्या मागे घोळक्याने धावतात. त्या घोळक्याला ‘बस’ म्हणतात. इतक्या तयारीच्या माणसांनाही सोबत हवीशी वाटते, तर घर, नोकरी आणि आजारपणे सांभाळणाऱ्यांना ती का नको?

आपल्या पुरवणीत ठाण्यातील अशा गटांच्या भेटण्याच्या जागा आणि वेळा छापाव्यात, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे (पश्चिम)