‘नमुना अपुरा’ म्हणजे गाठ साधी नव्हे

महोदय,

माझ्या आईने चाळीस वर्षे विड्या वळल्या. हजार विड्या भरल्याशिवाय दिवसाची मजुरी हातात पडत नाही, म्हणून दवाखाना नेहमी उद्यावर. गेल्या वर्षी डाव्या स्तनात गाठ लागली तरी ती चार महिने बोलली नाही, कारण दुखत नव्हती. सुई टोचली की गाठ पसरते, असे शेजारच्या मावशींनी तिच्या मनात भरवले होते. डॉक्टरांनी समजूत काढली, तेव्हा कुठे ती एफएनएसीला, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासायला, तयार झाली.

रक्त काढतात तसली बारीक सुई. ती गाठीत दोन-चारदा आत-बाहेर केली आणि आलेला अंश काचपट्टीवर पसरला. भूल नाही, टाका नाही. दहा मिनिटांत आई पदर सारखा करत बाहेर आली.

रिपोर्ट इंग्रजीत होता. खिडकीवरचा माणूस म्हणाला, ‘कॅन्सर लिहिलेला नाही.’ आम्ही सिद्धेश्वराला नारळ फोडून घरी आलो. अडीच महिन्यांनी गाठ वाढलेली दिसली, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरबाईंनी तोच कागद वाचला. त्यावर ‘नमुना अपुरा’ असे होते! काचपट्टीवर नुसते रक्त आणि चरबी. गाठीतल्या पेशी आल्याच नव्हत्या. सोनोग्राफीत बघत पुन्हा सुई घेतली, तेव्हा कर्करोगाच्या पेशी सापडल्या. मग जाड सुईने तुकडा काढून बायोप्सी झाली. रोग दुग्धनलिकेबाहेर गेला आहे का, हे सुट्या पेशींवरून कळत नाही, आणि कोणते औषध लागू पडेल याच्या चाचण्याही बहुधा तुकड्यावरच करतात. आता उपचार चालू आहेत. पण ते अडीच महिने मला रात्री झोपू देत नाहीत.

एफएनएसीचे निकाल पाच प्रकारचे असतात: अपुरा, साधी गाठ, किंचित शंका, दाट संशय आणि कर्करोग. ‘साधी गाठ’ आली तरी डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी आणि सोनोग्राफी-मॅमोग्राफी त्या निकालाशी जुळावी लागते. न जुळल्यास पुढची तपासणी करतात. हे मला एवढे सगळे झाल्यावर कळले.

आपल्याच जिल्ह्यात, बार्शीला, १९८७ पासून खेड्यापाड्यांतल्या कर्करोगाची नोंद ठेवली जाते. मग अशा रिपोर्टखाली ‘नमुना अपुरा आहे, तपासणी पुन्हा करावी’ एवढी एक ओळ मराठीत छापायला शहरातल्या लॅबना काय अवघड आहे? आमच्या विडी कामगार वस्त्यांत ती तेलुगूतही हवी.

– एका विडी कामगार आईची मुलगी, सोलापूर